फुली

काडिनाहून पहाटे निघाले. दोन तास गाडी,
दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाचे खुंट,
शेजारच्या सीटवर डब्यात पेस्टी,
तिच्या कोपऱ्यावर माझी आद्याक्षरं, आई कोरायची तशी.
ॲडलेडला अभिलेखागारात डबा बाहेर ठेवायला लावला.
पेनही.
आत फक्त पेन्सिल, भिंग, आणि तोंड बंद.

आमच्या घरात सांगत आलेत:
ट्रेवार्था स्वतःच्या तिकिटाने आले कॉर्नवॉलहून,
कुणाचे मिंधे नव्हते.
डेन्झिलकाका हे सांगताना पँटचा पट्टा वर ओढायचा.
थिर्झाबद्दल मात्र एवढंच:
नवरा तांब्याच्या खाणीत, सात मुलं, चहा कडक करायची.
पणजीचं अख्खं आयुष्य एका ओळीत,
त्यातही शेवटी चहा.

फिल्म फिरवते. नावं निघून जातात
धावत्या गाडीतून दिसणाऱ्या कुंपणाच्या खांबांसारखी.
आमचंच आडनाव तीन कारकुनांनी तीन तऱ्हांनी लिहिलेलं,
ज्याला जसं ऐकू आलं तसं.

मग चौथ्या आणि पाचव्या मुलाच्या मध्ये
एक नोंद, जी आमच्या बायबलच्या पहिल्या पानावर नाही:
मुलगा. नाव नाही. वय अकरा दिवस.
कारण, अशक्तपणा.
खबर देणारी, आई.
आणि सहीच्या जागी
फुली.

म्हणजे आठ.
मी बोटांवर मोजले, शाळेतल्या पोरीसारखे.

काउंटरवरच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, जपून हं,
पुष्कळदा फुलीही कारकूनच मारायचा,
बाई नुसती समोर उभी असायची.

भिंग घेतलं.
त्याच पानावर आणखी चार फुल्या,
बारीक, सारख्या, दुकानाच्या उधारीवहीतल्यासारख्या.
आणि ही जाड.
एक पाय ओळीखाली घसरलेला, टोकाशी शाईचा ठिपका,
टाक किती दाबायचा ते ठाऊक नसलेल्या हाताचा.

पुरावा म्हणाल तर हा काहीच नाही. कबूल.
पण मूंटाच्या त्या धुळीत पोराला पुरून
ती चालत आली असेल, छाती दुधाने ठणकत असेल,
कारकुनाने टाक पुढे केला असेल,
न बघता.
जन्मात एकदाच तिने काही लिहिलं, ते हे.
चुकलं की मारतात ती फुली,
यादीतून माणूस काढायला मारतात ती फुली.
तिने तीच मारली आणि यादीत राहिली.

दुपारी इर्माला फोन केला. शेजारीण माझी, नरंगा.
तिची माणसं कुठल्याच जहाजाच्या यादीत नाहीत,
जहाजं आली तेव्हा ती इथेच होती.
तिला तिची पणजी सापडली ती ब्लँकेट-वाटपाच्या कागदात:
बाई एक, ब्लँकेट एक.
नाव नाही. फुलीसुद्धा नाही.
सही कुणी मागितलीच नव्हती.

मी फुलीचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प.
मग विचारलं, जाड आहे म्हणालीस?
म्हटलं, हो, जाड आहे.
बरं, म्हणाली. आणि फोन ठेवला नाही,
मीही नाही.

प्रत हवी तर अर्ज करा. पेन्सिल चालत नाही,
म्हणून बाईंनी आपलं पेन दिलं.
मृताशी नातं: लागू असेल त्या चौकटीत फुली करा.
भावंडांसाठी चौकट नव्हती, तशी ती लागूही नव्हती,
तरी मी शोधली.
मग 'वंशज'समोर पेन टेकवलं.
एक पाय चौकटीबाहेर गेला.
खोडला नाही.

बाहेर बाकावर डबा उघडला. पेस्टी गार, कवच मऊ पडलेलं.
दुसऱ्या टोकापासून खात आले.
आद्याक्षरांचा कोपरा
तसाच घरी नेला.